शहाद्याचं फिरतं टेबल

मला अक्षर येत नाही. मी बोलते, नात पूजा लिहिते. चुका दिसल्या तर तिच्या, बाकी सगळं माझं.

चायनीजचा हट्ट नातवंडांचा. मी निघाले ती धाकट्या बहिणीसाठी. सुमन लोणखेड्याची, आता कायमची पुण्याला लेकाकडे चालली. माझ्या मुलाच्या लग्नात आमच्यातल्या कुणी तिला पंगतीत आग्रह केला नाही, म्हणून ती भरल्या पानावरून उठली होती. तेव्हापासून आमचा घास तिने खाल्ला नाही. आमच्याकडे रुसलेल्याला घरच्या बाईने स्वतःच्या हाताने वाढायचं, मगच राग मिटतो. ती जायच्या आत मला ते उरकायचं होतं.

कोरीटहून सकाळी निघालो. नातू नीलेश गाडी चालवत होता, म्हणजे एका हाताने. नंदुरबार सोडलं की रस्ता बरा आहे. चहा प्रकाशाला तापीच्या पुलाजवळ घ्या, पुढे मिळतो तो नुसता पाक. लोणखेड्याला सुमन नवी साडी नेसून ओट्यावर बसली होती. मी म्हटलं, नवरी दिसतेस. ती हसली. मला वाटलं, झालं काम.

हॉटेल शहाद्यात, शुद्ध शाकाहारी, एसीचं. चौघांचं हजारभरात भागतं. गोल टेबलावर फिरती काच. सगळे पदार्थ काचेवर, ज्याला हवं त्याने फिरवून घ्यायचं. सूप सर्दीला उत्तम. नूडल्स म्हणजे तेलात लोळलेल्या शेवया.

सुमन माझ्या समोर, पलीकडे. मी काच फिरवून मंचुरियन तिच्यापुढे नेलं. आपल्या हाताने फिरवलं म्हणजे वाढल्यासारखंच, असं मी धरून चालले. तिने काच ढकलली, मंचुरियन परत माझ्यापुढे. मी पुन्हा पाठवलं, तिने पुन्हा. पोरं हसायला लागली, नीलेशने मोबाइल काढला. मीही थट्टेवर गेले, "ले ना सुमन, नवरीसारखी काय लाजी ऱ्हायनी?"

ती हसली नाही. हळूच म्हणाली, "तू वाढ, मी खासू. टेबलनं वाढेल माले नको."

तेव्हा कळलं, टेबलाने वाढलेलं तिला नको होतं, माझ्या हातचं हवं होतं. मी मंचुरियनमधल्या चमच्याकडे हात नेला, तेवढ्यात नीलेशने भातासाठी काच फिरवली. चमचा त्याच्याकडे गेला, माझा हात तसाच राहिला. पुन्हा फिरवून आणायचं, तर पोरांदेखत लाज वाटली. मी पाणी प्यायले. सुमनचं ताट कोरंच राहिलं. शेवटी बडीशेप तेवढी तिने खाल्ली, ती वेटरने हातावर दिली होती.

परतताना तिला ओट्याशी सोडलं. "पुण्याले ये बाई," म्हणाली आणि आत गेली. चहाला थांबवलं नाही. परवा ती पुण्याला गेली.

पूजा म्हणते, वाचणाऱ्यांना काही सांग. सांगते. हॉटेल चांगलं आहे, दुपारी गर्दी नसते, जरूर जा. पण कुणाला वाढायचं असेल तर काचेच्या भरवशावर राहू नका, उठा. टेबलाला वळसा घालायला असा कितीसा वेळ लागतो? माझे गुडघे दुखतात, पण तेवढं जमलं असतं. तिच्यासाठी मी तापी ओलांडून गेले, आणि त्या टेबलाच्या पलीकडे गेले नाही.