मर्लच्या दाराची कडी

व्हर्ना स्टॉल्ट्झ माझ्या भट्टीवर आली तेव्हा मी सरळ म्हणालो, "घरी जा बाई. साठीत कोणी लोहारकी शिकतं का?" ती हलली नाही. सगळी हयात शाळेची बस चालवण्यात गेलेली. माझ्या ओरडण्याला काय भीक घालणार!

तिचा नवरा मर्ल. अर्धांगाचा झटका आला तेव्हापासून त्याची बोटं मिटत नव्हती, दाराची गोल मूठ फिरत नव्हती. कोंबड्यांना दाणे टाकायचे तरी आधी व्हर्नाने दार उघडायचं.

"बाहेर जायचं नावच काढत नाही आता, एलम," ती म्हणाली. "तुमच्या लोकांच्या जुन्या घरांना अंगठ्याने दाबायची कडी असते ना, ती मला करायचीय. माझ्या हाताने."

मी भाता सुरू केला.

पहिली लोखंडं तिने जाळूनच टाकली. "पोळी भाजतेस का गं? पांढरं व्हायच्या आत काढ!" मी ओरडायचो. "तूच ये ना मग, म्हाताऱ्या!" ती घण आपटत म्हणायची. पण हिवाळ्याच्या तोंडाशी तिने कडी केली. बाहेर दाबायची पाकळी, आत दांडा उचलणारं शेपूट, आणि शेपटाला माझ्या आजोबांपासून चालत आलेला छोटा वेढा.

मर्लने बाहेरून पाकळी तळव्याने दाबली आणि तो आत आला. मी मांडीवर थाप मारली. पण परत बाहेर जायला त्या वेढ्यात बोट अडकवावं लागतं. त्याचं बोट काही अडकेना. तो पुन्हा आतच अडकला. माझा जीव अर्धा झाला.

दुसऱ्या दिवशी व्हर्ना कडी घेऊन हजर. "शेपूट लांब करून वाकवायचंय. मनगट जाईल एवढं."

"दाराला काय घोड्याचा नाल लटकवणार? असली कडी आमच्यात कोणी केली नाही."

"मग आता होईल. भाता मार."

दिसायला भयंकर झाली. बसवली. मर्लने नालात मनगट घातलं, वर उचललं, दार उघडलं. तो बाहेर गेला. आत आला. पुन्हा बाहेर, पुन्हा आत. बर्फाळ वारा स्वयंपाकघरात शिरला.

"अरे, सगळी ऊब घालवतोस!" व्हर्ना खेकसली. "आत तरी ये, नाहीतर बाहेर तरी जा!"

"जातो," मर्ल म्हणाला, आणि कोपराने दार ओढून गेला.

ज्याला दार उघडता येत नव्हतं त्यालाच आपण 'बाहेर जा' म्हणून ओरडलो, हे तिला मग कळलं. ॲप्रन तोंडाला लावून ती खाली बसली आणि हसता हसता रडायला लागली.