हेडमास्तरांचा हुंकार

आमच्या हेडमास्तरांनी उभ्या आयुष्यात कुणाचं एक वाक्य पूर्ण होऊ दिलं असेल, असं मला तरी वाटत नव्हतं. समोरच्यानं ‘काल आमच्याकडे’ एवढं म्हटलं की पुढचं हेडमास्तर सांगत, आणि ते खरोखर घडलेल्यापेक्षा बहुतेक वेळा जास्त रंगतदार असे. एस.टी.च्या कंडक्टरनं तिकीट विचारलं तर त्याला घाटरस्ता कसा झाला ते ऐकावं लागे, आणि पुढच्या सीटवरची माणसं मंचर येईपर्यंत खिडकीकडे तोंड करून बसत. तपासणीला आलेले साहेब विचारायचे प्रश्न तसेच घेऊन परत जात. गंमत म्हणजे हा माणूस खोडदचा. तिथं त्यांच्या शेताच्या बांधापलीकडे त्या अवाढव्य रेडिओ दुर्बिणी आभाळाकडे तोंड करून उभ्या असतात आणि रात्रंदिवस, अवाक्षर न काढता, आभाळातलं ऐकत असतात. ‘आमचं गाव ऐकणाऱ्यांचं गाव आहे,’ असं ते मोठ्या अभिमानानं आणि पुष्कळ वेळ सांगत. त्यांची बदली आंबेगावच्या पश्चिमेला, भीमाशंकरच्या रस्त्यावरच्या आमच्या शाळेत झाली ती दुर्बिणीला जरा शांतता मिळावी म्हणूनच, असं आम्ही शिक्षकांच्या खोलीत म्हणायचो. तेही त्यांचा आवाज व्हरांड्यात ऐकू येत असतानाच, म्हणजे ते बोलत आहेत आणि आपलं ऐकत नाहीत अशी खात्री करून घेऊन.

तर अशा गृहस्थांनी निवृत्तीच्या आदल्या वर्षी शाळेत ‘ऐकण्याचा तास’ सुरू केला. त्यामागचा विचार मात्र खरा होता. आमची मुलं बहुतेक महादेव कोळ्यांची आणि ठाकरांची. ती तान्ही असतानाच त्यांची जुनी गावं धरणाच्या पाण्यात गेली आणि वाड्या वर डोंगराच्या अंगावर जाऊन बसल्या. उन्हाळ्यात पाणी उतरलं की एखादं जोतं वर यायचं, पण ते कुणाच्या घराचं हे एकाही मुलाला सांगता येत नसे. हेडमास्तर हे बघून अस्वस्थ व्हायचे. “आपण यांना सगळ्या जगाचा भूगोल शिकवतो, फक्त यांच्या गावाचा नाही,” असं ते एकदा मला म्हणाले, आणि नवल म्हणजे त्यानंतर क्षणभर गप्प बसले. जुनं गाव पुरतं सांगू शकणारा एकच माणूस उरला होता, वरच्या वाडीचे धावजीबाबा. आपण निवृत्त व्हायच्या आत मुलांनी हे त्यांच्या तोंडून ऐकलंच पाहिजे, असं हेडमास्तरांनी मनावर घेतलं होतं.

धावजीबाबा काही साधंसुधं प्रकरण नव्हतं. म्हातारा भलता तोऱ्याचा. खुर्चीला हात असल्याशिवाय बसायचा नाही, आणि चहा कपात नको, तांब्यात आणा म्हणायचा. पहिल्या तासाला हेडमास्तरांनी त्यांना शाल आणि नारळ दिला, बाबांचा परिचय करून दिला, मग परिचयावर भाष्य केलं, मग ज्येष्ठांचं ऐकणं किती गरजेचं आहे यावर इतकं सुरेख बोलले की घंटा झाली. बाबा शाल पांघरून घरी गेले. दुसऱ्या वेळी बाबांनी घसा खाकरला. तेवढ्यावरून हेडमास्तरांना सर्दीवरचा झाडपाला आठवला आणि तो तास त्यातच संपला. बाबा दुसरी शाल घेऊन गेले. तिसऱ्या वेळी मात्र ते आले ते दोन्ही शाली बगलेत मारून. त्या टेबलावर ठेवून म्हणाले, “सर, ह्या घ्या तुमच्या. बोलवता मला आन बोलता तुमीच. आता मी काय येत न्हाई.” आणि आलेल्या वाटेनं डोंगर चढून गेलेसुद्धा.

हेडमास्तर दिवसभर शाळेत दिसले, ऐकू आले नाहीत. आम्हाला ते सहन होईना. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्या एम-एटी दुचाकीवर मला मागं बसवलं आणि आम्ही वरच्या वाडीला निघालो. मागच्याशी बोलताना मान पूर्ण वळवायची त्यांची जुनी सवय होती, त्यामुळे घाटातली बरीचशी वळणं गाडीनं स्वतःच्या जबाबदारीवर घेतली. बाबा ओसरीवर तंबाखू मळत बसले होते. हेडमास्तरांनी हात जोडले आणि माफी मागायला सुरुवात केली. ती लांबणार हे ओळखून बाबांच्या सुनेनंच मध्ये तोंड घातलं. बाबा रागावलेत हे खरं, पण नुसतं तेवढंच नाही, असं तिचं म्हणणं पडलं. त्यांच्या घराण्यात काहणी सांगायची तर समोर एकानं हुंकार द्यावा लागतो. सांगणारा थांबला की त्यानं ‘हं’ म्हणायचं, मगच पुढचं पाऊल. हुंकार चुकला किंवा मध्ये दुसरा शब्द आला, तर काहणी तिथंच मोडायची आणि त्या तोंडून ती पुन्हा निघायची नाही. इतकी वर्षं हुंकार सासूबाई देत. सासूबाई गेल्या दिवाळीआधी वारल्या. तेव्हापासून बाबांनी एकही काहणी सांगितली नव्हती; शाळेत कुणीतरी हुंकार देईल या आशेनं ते आले होते.

“हुंकार देनारी गेली,” बाबा तळहाताकडे बघत म्हणाले. “आता कुनापुढं सांगू?”

हेडमास्तर म्हणाले, “मी देतो.”

बाबांनी त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. “तुमी? हुंकार द्यायचा तर गप ऱ्हावं लागतं, सर. लई अवघड काम हाय.” पण नाही म्हणाले नाहीत.

पुढच्या शनिवारी शाळेच्या पटांगणात सगळी मुलं आणि वाड्यांवरची माणसं जमली. बाबा हाताच्या खुर्चीत, आणि त्यांच्यासमोर सतरंजीवर मांडी घालून हेडमास्तर. भाषण नाही, परिचय नाही, शालसुद्धा नाही. आम्ही शिक्षक श्वास रोखून बसलो होतो, कारण एक शब्द सुटला की जुनं गाव दुसऱ्यांदा बुडणार होतं. पहिला हुंकार हजेरी घेतल्यासारखा खणखणीत आला आणि पुढची मुलं दचकली. मग हळूहळू तो खाली उतरला. बाबाही कमी नव्हते. काहणी जरा रुळल्यावर तिरक्या डोळ्यानं हेडमास्तरांकडे बघत त्यांनी सांगितलं, की शिवनेरीचा किल्ला म्हणजे आमच्या आज्याच्या आज्यानं एका पावसाळ्यात रिकामा बसला होता म्हणून बांधला. हेडमास्तर इतिहासाचे. त्यांची कानशिलं लाल झाली, ओठ उघडले, मिटले, पुन्हा उघडले. हात सतरंजीचा काठ आवळत होते.

“हं,” हेडमास्तर म्हणाले.

बाबांच्या मिशीत हसू आल्याचं मी पाहिलं. त्यानंतर त्यांनी परीक्षा घेणं सोडलं आणि सरळ गावात शिरले. वेशीपासून एकेक घर सांगत गेले. हे कुणाचं, त्याच्या दारात कसलं झाड, कुठल्या खळ्यावर भात झोडायचा, कुठल्या डोहावर बायका धुणं आपटायच्या. मुलं आपापल्या आजोबांचं नाव आलं की एकमेकांना ढोसत होती. शेवटी बाबा स्वतःच्या घराशी आले. उंबऱ्यात बायको उभी होती म्हणाले, आणि थांबले. ते थांबणं काहणीतलं नव्हतं. तेव्हा हेडमास्तरांचा हुंकार आला, इतका हलका की शेवटच्या रांगेतल्यांना ऐकूही गेला नसेल. बाबांनी मान हलवली आणि गाव पुरं केलं.

हेडमास्तर त्या उन्हाळ्यात निवृत्त झाले आणि खोडदला गेले. निरोप समारंभात ते नेहमीसारखेच बोलले, म्हणजे जेवण गार होईपर्यंत. आमची शाळा त्यानंतर फार शांत झाली आणि ती शांतता मला कधीच आवडली नाही. काही वर्षांनी धावजीबाबा गेले. बातमी फोनवर सांगण्यासारखी नव्हती म्हणून मी खोडदला गेलो. हेडमास्तर बांधावर बसले होते, पलीकडे दुर्बिणी. मी जवळ बसलो, आणि आता हे बाबांबद्दल दिवस मावळेपर्यंत बोलणार, अशी मनाची तयारी केली.

“सर, धावजीबाबा गेले,” मी म्हणालो.

त्यांनी मान दुर्बिणींकडे वळवली. बऱ्याच वेळानं, पुढं बघत, म्हणाले, “हं.”

खरं तर माझ्याकडे पुढं सांगण्यासारखं काही नव्हतं. पण हुंकार आला होता. मग मी त्यांना बाबांचा शेवटचा महिना सांगितला, वाडी सांगितली, त्या शनिवारी पटांगणात बसलेली पोरं आता कुठं कुठं आहेत ते सांगितलं, आणि प्रत्येक वाक्य मला पूर्ण करू दिलं गेलं.