अक्कांनी जगवलेल्या पेशी

फोन आला तेव्हा आमचे हे टँकर भरत होते. विहिरीवरच्या मोटारीच्या आवाजात काही ऐकू येईना, म्हणून त्यांनी फोन माझ्याकडे दिला. सांगलीहून अक्कांच्या कॉलेजातल्या बाई बोलत होत्या. शिकवता शिकवता अक्का खुर्चीत बसल्या, त्या पुन्हा उठल्याच नाहीत… यांना कसं सांगावं ते मला सुचेना. मी आधी जाऊन मोटार बंद केली.

शारदाअक्का माझ्या थोरल्या नणंद. जत तालुक्यातल्या आमच्या गावातून शिकायला सांगलीला गेल्या आणि तिथंच राहिल्या. कॉलेजात शिकवायच्या, आणि उरलेला सगळा वेळ मागच्या लहानशा प्रयोगशाळेत रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर काम करायच्या. ते काम म्हणजे नेमकं काय, हे मी कधी विचारलं नव्हतं. विचारायची वेळ आमच्यावरच आली.

काही वर्षांपूर्वी यांचं पोट डाव्या अंगाला जड राहायला लागलं, वजन उतरलं. तपासणीत निघालं की रक्तात पांढऱ्या पेशी नको तितक्या झाल्यात. कॅन्सर, पण रोजच्या गोळीनं आटोक्यात राहणारा. अक्का मिळेल त्या एसटीनं आल्या आणि पदर खोचून स्वयंपाकघरातच बसल्या. मला म्हणाल्या, "सुमन, पांढरी पेशी आपली आपण जगत न्हाई. 'जग' म्हणून तिला शरीराकडनं सारखा निरोप लागतो. निरोप थांबला की ती गुमान मरते. शिवाच्या पेशीत ते बटणच अडकून बसलंय. कुणी निरोप धाडत न्हाई, तरी आत वाजतंयच. गोळी ते बटण बंद करते."

गोळी लागू पडली. पण पायांत असे गोळे यायचे की क्लचवर पाय ठरेना. उन्हाळ्यात वस्त्या यांच्या टँकरची वाट बघत असतात. यांनी कुणाला न सांगता गोळी सोडली. पाकीट तसंच भरलेलं दिसलं, तशी मी अक्कांना फोन केला.

त्या आल्या त्या थेट टँकरमध्येच जाऊन बसल्या. मी खाली उभी होते.

"लय बरं वाटतंय आता मला," हे म्हणाले.

"वाटणारच. पेशी वाढत्यात ते कळत न्हाई."

"अक्का, मी तुझ्या प्रयोगातला उंदीर न्हाई!"

अक्का समोरच्या काचेतून बघत हळू आवाजात म्हणाल्या, "शिवा, सगळी नोकरी मी ह्या पेशी जगवायला शिकण्यात घातली. कुठल्या निरोपानं तगत्यात, कशानं मरत्यात. एका भांड्यातल्या पेशी मेल्या तरी मला जेवण जायचं न्हाई. तुझा रिपोर्ट बघितला आन् पयल्यांदा वाटलं, मरू देत सगळ्या…"

दुसऱ्या दिवशी दोघं मिळून डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी गोळीचा डोस बदलला, पायांतले गोळे सुसह्य झाले, रक्त ताळ्यावर आलं. शेजारच्या मावशी म्हणाल्या, बहिणीच्या मायेनं वाचला. अक्का फटकन म्हणाल्या, "माया-बिया काय न्हाई, मावशी. गोळी येळेवर घेतली." त्यांना असलं गोड बोलणं चालायचंच नाही.

अक्कांचं दिवसकार्य झाल्यावर त्यांचं सामान आणायला आम्ही सांगलीला गेलो. प्रयोगशाळेत खुर्चीवर त्यांची शाल होती. फोन केलेल्या त्या बाईंनी एका उबदार कपाटातून चपटी बाटली काढली, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि यांना बसवलं. "मॅडमनी वाढवलेल्या पेशी आहेत. सकाळीच खाणं बदललंय. आता आम्ही पाळीपाळीनं बघतो."

हे वाकून बघत राहिले. इतका वेळ, की बाई माझ्याकडे बघायला लागल्या.

"अक्का," डोळा न काढता हे म्हणाले, "लय गोल हायत गं ह्या…"

मग तोंडावरून हात फिरवून उठले. आम्हाला निघायला हवं होतं. दुपारची खेप वस्तीवर पोचायची होती.