वाचणाऱ्या बाईंना नमस्कार

अचलपूरच्या एका निवृत्त शिक्षिकेने मदत केली नसती, तर माझ्या हातून एक निरपराध माणूस आत गेला असता. त्यांचे नाव लिहीत नाही. त्यांनीच तसे बजावले आहे. मी त्यांना बाई म्हणतो. तो तपास मला अजून जसाच्या तसा आठवतो.

अकोल्यात मी सहायक उपनिरीक्षक होतो. मूळचा कोकणातला, दहावीनंतर शाळा सोडलेला. आणि माझ्याकडे आला तो पुस्तकाचा गुन्हा. एका दिवंगत नेत्याची आणि त्यांच्या पत्नीची तरुणपणची प्रेमपत्रे मुलाने छापली होती. मुलगा निवडणुकीला उभा होता. नेत्याच्या धाकट्या भावाने फिर्याद दिली, की वहिनीची पत्रे बनावट आहेत, हे तिचे अक्षरच नाही. मूळ पत्रे जप्त केली, वहिनींच्या अक्षराचा नमुना तज्ज्ञांकडे पाठवला. अक्षर जुळले नाही.

मुलगा चौकशीत एकच सांगे, "आईच्या पेटीतून निघाली, साहेब." आई म्हणे, "पत्रं माहीच हायेत. पुढचं इचारू नका." वरिष्ठांनी सोमवारपर्यंत मुदत दिली. नंतर अटक.

मुद्देमालातली पत्रे मी पुस्तकाशी ओळीओळीने ताडून पाहिली. नेत्याच्या प्रत्येक पत्राखाली एक ओळ होती, ती छापलेली नव्हती: 'वाचणाऱ्या बाईंना नमस्कार.' मुलाला विचारले.

"प्रेमपत्रात ते बरं दिसत नाही, म्हणून काढलं."

मला माझी पत्रे आठवली. भरती झाल्यावर आईला पत्र लिहिताना मीही शेवटी शेजारच्या गुरुजींना नमस्कार लिहीत असे. आईला वाचता येत नव्हते. तेच वाचून दाखवत.

नेत्याचे जुने घर अचलपूरला. एसटीने गेलो. त्या गल्लीत तेव्हा शिक्षिका कोण होत्या, असे विचारत बाईंच्या दारात पोहोचलो. पत्र पाहून त्या हसल्या.

"अक्षर माहं हाये. तिले तवा लिहता येत नव्हतं. ती सांगे, मी लिहून देत होती. मंग मीच शिकवलं तिले."

"तसा जबाब द्या, बाई."

"तिले इचारल्याबिगर नाई. तिचा नवरा गावोगाव सांगत फिरे, पोरीइले शाळेत घाला. आपल्यापायी त्याले लोक हसतील, या भेवानं तिनं मले शप्पथ घातली हाये."

"सोमवारी पोरगा आत जाईल."

"मंग बसला कायले? उठ. बस निंगून जाईन."

अकोल्याला दोघी समोरासमोर बसल्या, मुलगाही होता. बाई म्हणाल्या, "पोरगं मोठं का मेलेल्याचं नाव?"

वहिनी रडल्या नाहीत. मला म्हणाल्या, "लिवा, साहेब." मग मुलाकडे वळल्या. "तो नमस्कार कावून कापला रे? तुह्या बापाले तिची लाज नव्हती."

बाईंचा जबाब वरिष्ठांपुढे ठेवला आणि अटक थांबली. पुढे त्यांचे अक्षर जुळल्याचा अहवाल आला. फिर्याद गैरसमजातून दिली होती, असा अंतिम अहवाल मी न्यायालयात पाठवला. लोक हसले नाहीत असे म्हणणार नाही, आठवडाभर हसले. मुलगा निवडणूकही हरला. पण कोठडीत गेला नाही.

त्या तपासाने मला एक सवय लावली. माणूस काही लपवतो आहे असे वाटले की मी आधी विचारतो, कोणासाठी?

परतताना बसस्टँडवर बाई म्हणाल्या होत्या, "कोकनातला हायेस ना? म्या समिंदर पायला नाई अजून." मी नुसती मान हलवली होती. मग बदल्या आल्या, निवृत्ती आली, ते राहूनच गेले. बाई, गुडघे सांभाळा. यंदा गावी जाताना आधी अचलपूरला येतो, तुम्हाला न्यायला.