‘माहेर’ नावाची खोली

आमच्या बिरसी गावच्या रत्नपालला खोटं बोलता येत नाही, आणि याचा मला मनापासून राग आहे. माणूस गुणाचा. मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. ते पुण्या-हैदराबादला कामाला गेलेल्यांनाही ऐकू यावं म्हणून त्यानं विहाराच्या मागच्या खोलीत जुना कॉम्प्युटर मांडून बोलण्याचा सर्व्हर उभा केला. कुठल्या कंपनीचा नाही, गावचा. "आपलं बोलणं आपल्याच गावात ऱ्हावं जी," असं त्याचं म्हणणं.

वाचनानंतर लोक गप्पांना थांबू लागले. सासरी गेलेल्या पोरींनी वेगळी खोली मागितली. खोली म्हणजे काय, फोनच्या पडद्यावरचं एक दार. तिचं नाव त्यांनीच ‘माहेर’ ठेवलं. रत्नपालनं नियम केले. इथलं बोलणं रेकॉर्ड होणार नाही, बाहेर नेणाऱ्याला काढलं जाईल आणि पुरुषानं आत जायचं नाही. स्वतःलाही त्यानं आत शिरण्याची सोय ठेवली नाही. आत कोण आहे, तेवढी नावं त्याला दिसत.

त्या खोलीत खुशबू यायची. गावचीच पोरगी, आमगावला दिलेली. नर्सिंगचं शिक्षण लग्नात सुटलं आणि आता सासरचे तिला एकटीला दाराबाहेर पडू देत नव्हते. ‘माहेर’मध्ये तेवढी ती बोलायची.

एक दिवस तिचा नवरा लोकेश रत्नपालच्या दुकानात आला.

"जय भीम, दादा. आमची खुशबू तुमच्या मशीनवर बोलते का जी?"

"बसा जावईबापू. ते सांगता येत नाही मले. नियम हाय."

"मी नवरा होय तिचा."

"हो जी. तरी नाही."

"बोलत नसन त तसं म्हणा. मी चाललो."

इथं ‘नाही बोलत’ म्हणायचं होतं. एवढंच. पण रोज वाचनाआधी सगळ्यांकडून पंचशील म्हणवून घेतो तो हाच, आणि खोटं न बोलण्याचं शील नेमकं तेव्हा त्याच्या घशात अडकलं. इकडे आड, तिकडे विहीर. तो मान खाली घालून गप्प बसला. लोकेशनं चहा संपवला आणि "समजलं" म्हणून उठला. शाळेतलं पोरगंही समजलं असतं.

त्या संध्याकाळी ‘माहेर’मध्ये खुशबूचं नाव दिसलं. भांडण झालं नाही म्हणून रत्नपालला हायसं वाटलं. विहारातून घरी आला तर त्याची बायको ललिता फोन धरून बसलेली.

"खुशबू आली, पण बोलून नाही राहिली. माईक बंद हाय तिचा. पिंकीच बोलून राहिली." पिंकी खुशबूची धाकटी बहीण.

रत्नपालला दुकानातला लोकेश आठवला. "काय बोलली पिंकी?"

ललिता नियमाला जागली, आधी सांगेचना. मग म्हणाली, "मंगळवारी सासू बाजारले गेली का निंगून ये म्हणे. गोंदियाच्या स्टेशनवर मी ऱ्हाईन. कॉलेजात पुन्हा नाव घालू."

रत्नपाल विहारात धावला आणि सर्व्हरची वायरच उपटली. सगळ्यांचं बोलणं तुटलं. पण खुशबूच्या फोनवरून ज्याला ऐकायचं होतं त्याचं ऐकून झालं होतं.

सगळं कळूनही मंगळवारी पिंकी अंधार पडेपर्यंत स्टेशनवर उभी होती. नंतर ती आणि आई आमगावला जाऊन आल्या. त्या असेपर्यंत सासू जागची हलली नाही. खुशबूनं चहा दिला, बरी आहे म्हणाली, डोळे काही वर केले नाहीत.

"खोटं बोललो असतो त पोरगी सुटली असती," रत्नपाल मला म्हणाला. मी त्याची समजूत घातली नाही. खरंच होतं ते.

सर्व्हर पुन्हा सुरू झाला, पण ‘माहेर’मध्ये कोणी जात नाही. फक्त वाचन संपलं की रोज तिथं एक नाव येतं. खुशबू, माईक बंद. ती आहे की लोकेश, हे कळायला यंत्रात काही नाही. रत्नपालनंच ठेवलेलं नाही.

काल ललिता त्याच्या मागे उभी राहून म्हणाली, "तीच असन त? कोणी येते का म्हणून वाट पाहून राहिली असन त?"

नाव निघून जाईपर्यंत दोघंही पडद्यासमोर बसून राहिले.