ताटल्यांतला पंक्तिप्रपंच

नात शाळेतून येते आणि मैत्रिणींना ऐकू जाईल अशा आवाजात विचारते, "आजी, आप साइंटिस्ट थीं ना?" मी पाणी प्यायला आत जाते.

होते कसली! ब्राह्मणपाऱ्यातल्या घरातून पांढरा कोट घालून निघायचे, म्हणजे रिक्षावाल्याने तरी ओळखावं. प्रयोगशाळेत मला शिकवायला एक दीदी होती. ऑपरेशनमध्ये काढलेल्या एका तुकड्यातून तिने थायरॉइडच्या पेशी काचेच्या ताटल्यांत वाढवल्या होत्या. तुकडा पुन्हा मिळणारा नव्हता, आणि तिच्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण त्यावरच अडलेलं.

माहेरी लग्नाला जाताना ती म्हणाली, "पहिल्या ताटलीले हा वाढीचा ग्रोथ फॅक्टर नाही, दुसरीले थोडा, तिसरीले जास्त. हव?"

"हव."

ती गेल्यावर मी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. तिसरीत नुसती जत्रा. पहिलीतल्या पेशी मोजक्या, घोळका करून बसलेल्या. एका पंगतीत बसवायचं आणि एकीला वाढायचं, एकीला नाही? आमच्या घरी पंक्तिप्रपंच म्हणजे पाप. मी तिघींना सारखं वाढलं. शिवाय आग्रहाचं वेगळं.

ताटल्या गच्च भरल्या. मी चपराशी भैयालासुद्धा बोलावून दाखवलं, "पाहा, हाताला कसा गुण आहे!"

दीदी परतली. थायरॉइडच्या पेशीचं काम आयोडीन ओढून घेण्याचं. तिने ते देऊन पाहिलं. एकही ताटली धड ओढेना.

"आयोडीन मोजायचं मशीन बिघडलं असेल," मी म्हणाले. तेही ठासून.

तिने तिन्ही ताटल्या पाहिल्या. "पहिलीले काहून दिलं वं?"

"उपाशी दिसल्या..."

"उपाशी नव्हत्या, काम करून राहिल्या होत्या. या फॅक्टरनं पेशी वाढतात, पण आपलं काम विसरतात. किती दिला तर किती विसरतात, तेच मले पाहायचं होतं. आता कोणाशी ताडून पाहू?"

मी कोटाची बटणं लावत राहिले. लावलेलीच होती.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. दुपारी नेहमीसारखी शेजारी जेवायला बसली. सवयीने मी डब्यातली पोळी तिच्याकडे सरकवली. तिने ताटावर हात आडवा धरला.

आयुष्यात पहिल्यांदा मी आग्रह केला नाही.