कानबाईला बांधलेली सुतळी

माझी भक्ती तशी सौदेबाजाची. नाना, माझे थोरले भाऊ, कित्येक वर्षं शिरपूरहून धुळ्याला डायलिसिसला जायचे. घरची केळीची बाग, पण केळं खायची मनाई, पाणीसुद्धा मापून. श्रावण लागला, कानबाई देवीचा सण जवळ आला, तसे ते म्हणाले, "कानबाई गयी का मी मशीनवर जावाव नही." वहिनी रडली आणि शेवटी कबूल झाली. मी अडून बसलो. हो म्हणायचं म्हणजे भावाला मारल्याचं पाप, असं वाटायचं. डॉक्टरांकडे गाऱ्हाणं नेलं, तर ते शांतपणे म्हणाले, "नाना पूर्ण शुद्धीत, विचार करून सांगताहेत. नको म्हणायचा हक्क त्यांचाच. मशीन थांबेल, आमची काळजी थांबणार नाही. धाप लागली तर औषध देऊ."

डॉक्टर फितूर निघाले, म्हणून मी थेट देवीला धरलं. रविवारी कानबाई बसली, रोटांचा नैवेद्य झाला. सोमवारी तिला नदीवर बोळवायचं. सगळे चहात गुंतलेले पाहून मी देवी म्हणून पुजलेला नारळ केळीच्या घडाच्या सुतळीने चौरंगाला करकचून बांधला. म्हटलं, माय, तू थांबलीस तर नानाही थांबतील. एवढी हुशारी केली, पण कानबाई चौरंगासकट डोक्यावर जाते हेच विसरलो. वहिनीने चौरंग उचलला, डफ वाजला आणि माझी कैदी नाचत नाचत दाराबाहेर पडली.

नदीत नारळ सोडायला गेलो तर सुटेना. गाठ भिजून आणखी आवळलेली. "हाई कोन बांधं?" वहिनी म्हणाली. कमरेइतक्या पाण्यात मी नुसता गाठ ओढत राहिलो. काठावर खुर्चीत नाना केळं सोलत होते. त्यांनी सगळं ओळखलं.

"बापू, कानबाईले कोनी कोंडस का? नाचत-गावत धाडतस. सोड आते."

माझे हात ढिले पडले. ओढायचं थांबवलं, तशी एक लाट आली आणि नारळ अलगद सुटून निघाला. गाठ कशी सुटली ते मला आजही सांगता येत नाही. नानांनी खुर्चीतूनच असं गाणं उचललं, की बायकांच्या फुगड्या थांबेनात.

नंतर ते मशीनवर गेले नाहीत. थोड्याच दिवसांत, घरच्या खाटेवर, पोटभर पाणी पिऊन, शांतपणे गेले. त्यांना पोचवताना डफ मी वाजवला. ताल चुकला, पण हात थांबला नाही.

माय, त्या सोमवारी तू माझं ऐकलं नाहीस, हे तुझे उपकार.